उशिराने धावणाऱ्या गाड्या आणि ‘रन’चे मराठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस जरा जोराचा झाला की मुंबईच्या मराठी वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी एक वाक्य ठरलेले : ‘मध्य रेल्वेच्या गाड्या २० मिनिटे उशिराने धावत होत्या.’ शीव आणि कुर्ल्याच्या मध्ये रुळांवर पाणी, लोकल एका जागी उभी, दारातली माणसे खाली उतरून रुळांतून चालू लागलेली, आणि छापील गाडी मात्र धावते आहे. फलाटावर कोणीही असे बोलत नाही. ‘गाड्या लेट आहेत’ म्हणतात, फार तर ‘उशिरा येतायत’. वाक्यातले हे धावणे ‘रनिंग लेट’ या इंग्रजी जोडीचा शब्दशः उतारा आहे. मराठीत गाडी धावतच नाही असे नव्हे. ‘धावत्या गाडीत चढू नका’ हे चोख मराठी आहे, कारण तिथे गाडी खरोखर वेगात आहे. इंग्रजी ‘रन’मध्ये वेग असेलच असे नाही. पुष्कळदा ‘सेवा सुरू आहे’ एवढेच त्याला म्हणायचे असते. हा फरक पाहिला नाही की उभी गाडी धावू लागते.

हे पत्र या एका क्रियापदापुरते आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती, क्रियापद म्हणून ४३० अर्थांची. तिसऱ्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ने ती जागा घेतली : नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ. ते कोणी पाठ करत नाही, करायची गरजही नाही. बातम्यांच्या टेबलावर त्यातले पंचवीस-तीसच रोज फिरतात आणि तेवढे सांभाळले तरी पुष्कळ होते. अडचण अशी की इंग्रजीत हे क्रियापद जवळजवळ रिकामे भांडे आहे. अर्थ शेजारचे नाम भरते. मराठीत उलटे आहे. आपल्याकडे प्रत्येक नामाचे आपले क्रियापद ठरलेले असते आणि परके क्रियापद ते सहसा खपवून घेत नाही. म्हणून ‘रन’ला मराठी शब्द शोधत बसू नये. वाक्यातले नाम उचलावे आणि त्याच्याबरोबर मराठीत काय येते ते पाहावे.

त्याआधी एक बारीक तपासणी. जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदे होती, एक स्वतः धावण्याचे, दुसरे धावायला लावण्याचे. पुढे दोन्ही एकाच रूपात विरघळली, म्हणून आज घोडाही ‘रन’ करतो आणि हॉटेलवालाही हॉटेल ‘रन’ करतो. मराठीने हा भेद जपला आहे, एका ‘व’मध्ये : चालणे-चालवणे, फिरणे-फिरवणे, पळणे-पळवणे. तेव्हा पहिला प्रश्न हा की क्रियापदाला कर्म आहे का? कर्म नसेल तर ‘व’ नको. ‘ॲप मागे चालवत आहे’ हे वाक्य मोबाइलच्या सूचनांत सर्रास दिसते. हवे ते ‘ॲप मागे चालू आहे’. चूक एका अक्षराची, पण वाचणारा ॲप काय चालवते आहे ते शोधत राहतो.

आता नाम. रेल्वे जादा गाड्या ‘रन’ करणार, असे इंग्रजी पत्रक येते. ‘जादा गाड्या चालवणार’ हे व्याकरणात बसते, पण गणपतीला कोकणात जाणाऱ्या माणसाला विचारा. रेल्वे आणि एसटी जादा गाड्या सोडतात. ‘सोडणे’ हेच तिथले क्रियापद. गाडी पनवेलपर्यंत जाते, रविवारी नसते, दिवसाला अमुक फेऱ्या होतात. रस्ता अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी जातो, नदी वाहते, भिंत बाजूने गेलेली असते. वायर ओढतात, पाइपलाइन टाकतात. पंखा लावतात, मिक्सर फिरवतात. ‘मिश्रण मिक्सरमध्ये ३० सेकंद चालवा’ असे पाककृतीत वाचून स्वयंपाकघरातले कोणीही थबकेल. तिथे ‘फिरवून घ्या’ म्हणतात. नव्या साडीचा रंग जातो किंवा सुटतो. नाक वाहते किंवा गळते. अंगात ताप असतो. जहाज गाळात रुतते. नाटकाचे प्रयोग होतात, सिनेमा चालतो. घोटाळ्याची रक्कम कोटींच्या घरात जाते. ‘कोटींमध्ये धावणारी रक्कम’ लिहिणाऱ्याने ती रक्कम धावताना एकदा डोळ्यांसमोर आणावी.

निवडणुकीत तर इंग्रजीचेच आपसात जमत नाही. अमेरिकेतला उमेदवार धावतो, ब्रिटनमधला उभा राहतो. मराठी उमेदवारही उभाच राहतो, किंवा निवडणूक लढवतो. अमेरिकेच्या बातमीतले ‘अध्यक्षपदासाठी धावणारे’ म्हणून चालायचे नाही. ‘शर्यतीत असलेले’ एवढी सूट द्यायला हरकत नाही.

काही ठिकाणी ‘रन’ सरळ गाळावे, आणि तो निर्णय घ्यायला अनुवाद करणारे उगाच घाबरतात. इंग्रजी बातमीत ‘महापालिका-रन’ रुग्णालय असते, त्याचे मराठीत ‘महापालिकेद्वारे चालवल्या जाणाऱ्या केईएम रुग्णालयात’ होते. केईएम, नायर, शीव ही पालिकेची रुग्णालये आहेत, जे. जे. सरकारी आहे. संपले. षष्ठीचा एक प्रत्यय जे काम करतो त्याला तीन शब्दांची वरात कशाला? तसेच भाडेकराराचे. करार ३३ महिने ‘रन’ होत नाही, तो ३३ महिन्यांचा असतो, आणि त्याला आणखी दोन महिने ‘रन’ व्हायचे असतील तर मराठीत दोन महिने शिल्लक आहेत किंवा राहिले आहेत.

इथवरच्या चुकांनी वाचक हसतो किंवा अडखळतो. कायद्याच्या बातमीत मात्र अर्थ फिरतो. न्यायालयाने एका गुन्ह्यासाठी ३ वर्षे आणि दुसऱ्यासाठी ५ वर्षे सक्तमजुरी सुनावली आणि दोन्ही शिक्षा ‘कॉन्करंटली रन’ होतील असे म्हटले, तर आरोपी एकूण ५ वर्षे आत राहणार. बातमीत येते : ‘या शिक्षा एकत्रित चालतील.’ एकत्रित म्हणजे वाचकाच्या लेखी बेरीज. तो ८ वर्षे धरतो, म्हणजे नेमके उलटे. इथे ‘दोन्ही शिक्षा एकाच वेळी भोगायच्या आहेत’ असे लिहावे आणि कंसात नव्हे तर वाक्यातच ‘म्हणजे ५ वर्षे’ सांगावे. ‘कॉन्सेक्युटिव्ह’ असेल तर ‘एक संपल्यावर दुसरी, म्हणजे ८ वर्षे’. शिक्षा चालत नाही, भोगतात. हे क्रियापद मराठीत आधीच तयार आहे. ‘कॉन्करंटली’ हा शब्द जपून हाताळायला आणखी एक कारण आहे. २०२४ पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, एकाच खटल्यात अनेक शिक्षा झाल्या आणि न्यायालयाने वेगळे सांगितले नाही, तर त्या एकीमागून एक भोगायच्या असत. आता एकाच वेळी की एकीमागून एक, हे न्यायालयानेच सांगायचे असते. निकालपत्रातले ते एक क्रियाविशेषण माणसाची वर्षे ठरवते.

दावा किती काळात लावावा हे ठरवणाऱ्या मुदतीच्या कायद्याचेही तसेच. १९६३ च्या या कायद्यात काळ ‘रन’ होऊ लागतो. ‘कालावधी धावू लागतो’ असे भाषांतर वाचलेल्याला काहीच कळत नाही, आणि कळले नाही तर त्याचा दावा बुडू शकतो, कारण करारावरून थकलेल्या पैशांसाठी साधारण ३ वर्षांतच दावा लावावा लागतो. हवे ते इतकेच : ‘मुदत अमुक तारखेपासून मोजली जाते.’ दस्त तयार करणारी मंडळी हेच बोलतात. छापताना का बिघडते ते कळत नाही.

पाण्याच्या बातम्या मुंबईत बारा महिने असतात, म्हणून ‘रन-ऑफ’कडे, म्हणजे जमिनीत न मुरता वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याकडे, थोडे थांबून पाहू. जलसंधारणाच्या मराठी पुस्तकांत त्याला ‘अपधाव’ म्हणतात. अभियंत्यांच्या अहवालात तो शब्द राहू द्या, पण पहिल्या पानावर त्याचा उपयोग शून्य. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्यांची आखणी तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी होती आणि ‘रन-ऑफ’चा गुणांक ०.५ धरला होता. याचा सरळ अर्थ : पडलेल्या पावसापैकी निम्मा जमिनीत मुरेल आणि निम्माच नाल्यात येईल. याच वाहिन्यांच्या सुधारणेसाठीच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने तासाला ५० मिलिमीटर आणि गुणांक १ धरायला सांगितले, म्हणजे शहरात काही मुरतच नाही, सगळे पाणी नाल्यातच येणार. काँक्रीट वाढले की शहर का तुंबते, हे यात पूर्ण आले. ‘अपधाव गुणांक ०.५ वरून १’ असे छापले तर त्यातले काहीही वाचकापर्यंत जात नाही. ‘पडलेल्या पाण्यापैकी नाल्यात येणारा भाग’ असे फोडून लिहिले तर दोन ओळी जास्त लागतात. त्या द्याव्यात.

नळाचे एक छोटे. जलवाहिनीच्या दुरुस्तीनंतर नळ काही मिनिटे ‘रन’ करावा असे सूचनेत असते. ‘नळ चालवा’ नको. मुंबईत नळ सोडतात : ‘सुरुवातीला नळ थोडा वेळ सोडून ठेवा, गढूळ पाणी वापरू नका.’

‘ड्राय रन’ या जोडीला मराठीत दोन वेगळी उत्तरे आहेत आणि ती एकमेकांच्या जागी गेली की घोटाळा होतो. २ जानेवारी २०२१ ला देशभर कोविड लसीकरणाचा ‘ड्राय रन’ झाला. लस न टोचता नोंदणीपासून निरीक्षण कक्षापर्यंतचा सगळा क्रम करून पाहिला. याला रंगभूमीवरून आलेला ‘रंगीत तालीम’ हा शब्द अगदी फिट बसतो. सोसायटीच्या टाकीवरच्या पंपाच्या माहितीपत्रकातला ‘ड्राय रन’ मात्र निराळा. तिथे टाकी रिकामी असताना पंप सुरू राहणे असा अर्थ आहे. पंपाच्या आतल्या सीलला पाण्यानेच गारवा मिळतो. पाणी नसेल तर ते घासून तापते, जळते आणि मग दांड्याशी गळती सुरू होते. ‘कोरडी धाव टाळा’ हे वाचून वॉचमन काय करणार? ‘टाकीत पाणी नसताना पंप सुरू ठेवू नका.’ मेट्रोच्या ‘ट्रायल रन’ला चाचणी फेरी म्हणावे, ‘चाचणी धाव’ म्हणू नये.

क्रिकेटने मात्र ‘धाव’चे सोने केले. धाव, धावसंख्या, धावफलक, धावगती, धावबाद : हे शब्द आझाद मैदानापासून रेडिओपर्यंत रुळले, कारण तिथे माणूस खरोखर दोन यष्ट्यांमध्ये धावतो. विमानाची धावपट्टी आणि सामन्याचे धावते समालोचनही तसेच पटले. पण हीच ‘रन आउट’ जोडी औषधांच्या साठ्याला लागली की साठा संपतो, धावबाद होत नाही. आणि वेळ संपत येते, ‘बाहेर धावत’ नाही. हा विनोद नाही. यंत्राने केलेल्या भाषांतरात दोन्ही रूपे येऊ शकतात, आणि रात्री अकराच्या पुढे पान सोडायच्या घाईत डोळा त्यांवरून घसरतो.

आता मुख्य गाठ : माणूस खरोखर पायांनी धावतो तेव्हाही मराठीला एक शब्द पुरत नाही. धावणे आणि पळणे हे संस्कृतातल्या दोन वेगळ्या धातूंपासून आले आहेत आणि प्रमाण मराठीत त्यांच्या दिशा वेगळ्या राहिल्या : धावणे कशाकडे तरी, पळणे कशापासून तरी. मदतीला धावून येतात, मदतीला पळून येत नाहीत. चोर पळतो, ‘चोर धावला’ लिहिले तर वाचक विचारेल, कुठे? (साताऱ्या-कोल्हापूरकडे पोर शाळेतही पळत जाते आणि त्यात कसली भीती नसते. म्हणून हा नियम मुंबई-कोकणच्या आवृत्तीचा समजावा.) जानेवारीतल्या मॅरेथॉनमध्ये ४२.१९५ किलोमीटर लोक धावतात, तिथे प्रश्नच नाही.

गुन्ह्याच्या बातमीत ‘पळणे’च्या भोवती आणखी अर्धा डझन शब्द आहेत आणि ते एकमेकांचे पर्याय नाहीत. ‘पसार झाला’ म्हणजे गेला आणि अजून सापडलेला नाही. सापडलेल्या आरोपीला पसार म्हणू नये. ‘निसटला’ म्हणजे कोणाच्या तरी हातातून, ताब्यातून. ‘सटकला’ म्हणजे कोणाला कळू न देता. ‘धूम ठोकली’मध्ये वेग आहे आणि पाहणारे साक्षीदार आहेत. ‘पळ काढला’मध्ये भित्रेपणाचा ठपका आहे, ‘पोबारा’त थट्टा आहे, बातमीदाराने दोन्ही जरा जपून वापरावेत. धडक देऊन गेलेल्या वाहनचालकासाठी मथळ्यात ‘हिट अँड रन’ राहू द्यावे. सगळ्यांना कळते आणि वाकड्या मराठीपेक्षा उसना शब्द बरा. मजकुरात ‘धडक देऊन पसार’ पुरेसे आहे.

सर्वांत जास्त काळजी एका वाक्यात घ्यायला हवी. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी घरातून ‘रन अवे’ झाली. मराठीत ‘पळून गेली’ लिहिले की वाचकाच्या मनात लगेच एक मुलगा उभा राहतो, कारण ‘पळून जाणे’ला लग्नाचा अर्थ चिकटलेला आहे. मूल रागावून गेलेले असेल, घाबरून गेलेले असेल, त्याला कोणी नेलेलेही असेल. ‘घर सोडून गेली’ किंवा ‘घरातून निघून गेली’ असे लिहावे. कोणी नेल्याची तक्रार असेल तर ‘पळवून नेले’ किंवा ‘अपहरण’. तिथे तो ‘व’ पुन्हा कामाला येतो. मोठे झाल्यावरही तिचे नाव त्या कात्रणाशी जोडलेले राहते.

‘धाव घेणे’ची गंमत उलटी आहे. इंग्रजीत पक्षकार न्यायालयाला ‘मूव्ह’ करतो, मराठीत तो उच्च न्यायालयात धाव घेतो. म्हणजे जिथे इंग्रजी धावत नाही तिथे आपण धावतो. या वाक्प्रयोगात आधाराची अपेक्षा आहे. म्हणून ‘रन ऑन द बँक’चे ‘ठेवीदारांनी बँकेकडे धाव घेतली’ हे भाषांतर फसवे. मराठी वाचकाला वाटते, लोक बँकेकडे मदत मागायला गेले. खरे तर त्यांचा बँकेवरचा भरवसा उडाला आहे. ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विमा असला तरी लोक रांगा लावतात, आणि ते चित्र ‘ठेवी काढून घेण्यासाठी झुंबड’ या शब्दांत नेमके येते.

औषधांच्या सदरात एक सापळा आहे. विषाणूच्या तापाला त्याचा ‘कोर्स रन’ करू द्यावा, असे डॉक्टर लिहितात. ‘ताप आपली मुदत घेईल’ हे मराठी कानाला फार गोड लागते, पण ‘मुदतीचा ताप’ म्हणजे आपल्याकडे टायफॉइड. विषाणूच्या तापावरच्या लेखात तो शब्द गेला की घरोघर रक्ततपासणी. ‘ताप तीन-चार दिवसांत आपोआप उतरेल’ असे दिवसांसह लिहावे, अर्थात डॉक्टरांनी दिवस सांगितले असतील तर. आजार घराण्यात ‘रन’ होतो तेव्हा ‘घरात मधुमेह आहे’ एवढेच दवाखान्यात बोलतात, तेच छापावे.

मुंबईत हे काम काल सुरू झालेले नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले ते इंग्रजी आणि मराठी असे शेजारी-शेजारी दोन स्तंभ घेऊन. दोन्ही भाषा येणारा वाचक मान वळवून लगेच ताडून पाहू शकत होता. आज वाचकापुढे एकच स्तंभ असतो आणि मूळ वृत्तसंस्थेची प्रत संगणकातच राहते. म्हणून ताडून पाहण्याचे काम छापण्याआधी आतच व्हायला हवे.

त्यासाठी फार वेळ लागत नाही. पान लावण्याआधी तयार मजकुरात ‘धाव’ आणि ‘चालव’ या दोन अक्षरजोड्या शोधायच्या. क्रीडा पान सोडले तर एका पानावर चार-पाच जागाच सापडतील. प्रत्येक ठिकाणी पाहायचे की पाय किंवा चाके खरोखर हलताहेत का. हलत नसतील तर इंग्रजी प्रत न उघडता, वाक्यातल्या नामाला धरून तो प्रसंग शेजाऱ्याला सांगितल्यासारखा मोठ्याने सांगायचा. तोंडातून जे क्रियापद येईल ते बहुधा बरोबर असते. इंग्रजी प्रत त्यानंतर उघडायची, आकडे आणि नकार जुळतात का ते पाहायला. आधी उघडली तर तिचेच क्रियापद पुन्हा जिभेवर येते. शिक्षा, मुदत आणि पळालेली मुले या तीन विषयांत मात्र मूळ प्रत पाहिल्याशिवाय पान सोडू नये.

सुरुवात येत्या रविवारच्या मेगाब्लॉकपासून करता येईल. ‘धिम्या मार्गावरील गाड्या जलद मार्गावरून चालवण्यात येतील व १० मिनिटे उशिराने धावतील’ याऐवजी ‘धिम्या गाड्या जलद मार्गावरून जातील आणि १० मिनिटे उशिरा पोहोचतील’. मधल्या कुठल्या स्थानकांवर त्या थांबणार नाहीत, तेवढे मात्र त्याच वाक्याला जोडून छापावे.

कळावे, लोभ असावा.

आपले,
अनुवाद आणि मुद्रितशोधन करणारे काही वाचक
दादर, मुंबई